मला वाजवण्याआधी हात धुवा

मित्रांनो, रोज सकाळी तुम्ही ज्याला लाकडी दांडक्याने बदडता तो मी. तुम्ही मला घंटा म्हणता. म्हणा बापडे, मला राग नाही. पण कधीतरी माझ्या खांद्यावर बोट फिरवून बघा, तिथे ठोकलेली अक्षरं आणि आकडे हाताला लागतील. घंटेच्या अंगावर असले आकडे कोण कशाला ठोकेल? मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, निम्मा उरलेला. खालचा अर्धा कापून भट्टीत गेला आणि वरचा अर्धा तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात टांगला गेला. अंग अर्धं झालं तरी आठवणी अख्ख्या आहेत. आज मधली सुट्टी मोठी आहे, तेव्हा बसा जरा. पण जेवून आला असाल तर मला हात न लावता बसा. असं का म्हणतो ते शेवटी कळेल.

माझी जागा बाईंच्या वर्गाच्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे तुमच्या विज्ञानाचे सगळे तास मी फुकटात ऐकतो. माझ्या पूर्वजांची गोष्ट मला तिथेच कळली. फार फार वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. समुद्रात मात्र डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तरंगत होते. उन्हाच्या जोरावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वापरून आपलं अन्न आपणच तयार करायची युक्ती त्यांना साधली. ते करताना पाण्याचे तुकडे होत आणि त्यातला प्राणवायू सुटा होई. त्यांना तो नकोच होता. आपण भाजी निवडून देठं टाकतो तसा ते तो टाकून देत. तेव्हाच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं, त्याने हा आयता माल मटकावला. लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, थरावर थर. लोखंडाचं खाणं आवरलं, तेव्हा कुठे उरलेला प्राणवायू हवेत येऊ लागला.

आता गंमत ऐका. ते गंजाचे थर पुढे वर आले, त्यांचे डोंगर झाले आणि त्या डोंगरांतला दगड खणून माणसांनी लोखंड काढलं. भट्टीत त्या दगडाच्या अंगातला प्राणवायू ओरबाडून काढला तेव्हा माझं पोलाद तयार झालं. म्हणजे माझ्यातून आधी प्राणवायू काढला आणि मग माझ्याच पोटात परत भरला. हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी दांडका बसायच्या आधीच वाजलो असतो, इतकं मला आश्चर्य वाटलं.

माझा जन्म एका लालबुंद ठोकळ्यातून झाला. एका राक्षसी दाबयंत्राने त्या ठोकळ्यात दट्ट्या घुसवला आणि मला पोट आलं. मग मला ओढून लांब केलं, फिरवत फिरवत मान काढली. माझ्या अंगावर एकही सांधा नाही, आणि याचा मला अभिमान आहे. नंतर पोटात पाणी भरून इतका दाब दिला की माझा जीव कंठाशी आला, पण मी टिकलो. मग खांद्यावर जन्मतारीख ठोकली, अंगाला काळा आणि खांद्यांना पांढरा रंग दिला आणि ट्रकमध्ये उभं करून ज्या कारखान्यात पाठवलं तिथे मला ठणठणमामा भेटले.

ठणठणमामा हे सिलिंडर भरणारे. त्यांचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवत नसे. रिकामा सिलिंडर भरायला आला की मामा आधी त्याला छोट्या पितळी हातोडीने नाहीतर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान द्यायचे. आतून-बाहेरून धड असलेला रिकामा सिलिंडर ठण्ण वाजतो आणि आवाज बराच वेळ रेंगाळतो. पोटात गंज धरला असला, काही घाण गेली असली की आवाज बद्द येतो. बद्द आवाजाचा सिलिंडर मामा बाजूला काढायचे, मग मालक स्वतः सांगायला आला तरी भरायचे नाहीत. मला त्यांनी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा डोळे मिटून ऐकलं आणि शेजारच्याला म्हणाले, की हा गडी गाणारा दिसतोय. मी जन्मात पहिल्यांदा कौतुक ऐकलं ते हे.

मामांचा दुसरा नियम हाताचा. भरायला उभं राहण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे, आणि खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून माझं तोंड पुसायचे. रुमाल पांढराच का, तर डाग दिसावा म्हणून. तेलाचा एक ठिपका दिसला तरी काम थांबलं. घरी डोक्याला तेल लावायचं ते फक्त साप्ताहिक सुट्टीला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर यायच्या आधी दोनदा न्हायचं. डब्यातल्या भाजीला तेल जास्त झालं तर जेवणानंतर हात किती वेळ धुवायचे याला सुमारच नसे. बाकीचे हसायचे, पण नियम तेही पाळायचे.

मित्रांनो, यात वेडेपणा काहीच नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो दुसऱ्याला जळायला मदत करतो. माझ्या पोटात तो ठासून कोंबलेला असतो. झडप उघडली की तो अरुंद वाटेने सुसाट निघतो, वाटेत दाबाने तापतो, आणि तिथे त्याला तेल भेटलं तर काडी लागत नाही, विस्तव लागत नाही, तेल आपलं आपण भडकतं. मामांनी तरुणपणी एकदा असं झालेलं पाहिलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, फक्त हात धुवत राहिले.

एकदा शाळेची सहल कारखाना बघायला आली. पुढे एक तरुण शिक्षिका, मागे मुलांची वरात, आणि सगळ्यांची डोकी तेलाने चपचपीत. शिक्षिकेची वेणी तर उन्हात चकाकत होती. मामा दारात आडवे झाले. त्यांनी सगळ्यांना पिवळ्या रेषेमागे उभं केलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही या, पण तुमच्या वेणीला आत येता येणार नाही."

बाईंचा चेहरा असा झाला की मुलं हसायचीच विसरली. ह्याच त्या तुमच्या बाई बरं का. मामांनी मग बाहेरूनच सगळं समजावून सांगितलं, आणि काय छान सांगितलं! मी रांगेत उभा राहून कान टवकारून ऐकत होतो.

ते म्हणाले, आपण श्वासात घेतो त्या हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग ऑक्सिजन असतो, बाकीचा बहुतेक नायट्रोजन. कारखान्याचं ते उंच धुराडं दिसतं ना, ते धूर सोडत नाही, हवा आत ओढतं. आधी हवेतली धूळ गाळायची. मग हवा दाबायची. दाबली की ती तापते, म्हणून गार करायची. मग तिच्यातली ओल आणि कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचा, नाहीतर पुढच्या थंडीत त्यांचा बर्फ होऊन नळ्या तुंबतात. मग दाबलेली हवा एकदम मोकळी सोडायची, म्हणजे ती आणखी गारठते. असं करत करत इतकी थंड करायची की हवेचा चक्क पाण्यासारखा द्रव होतो. तो द्रव त्या पांढऱ्या मनोऱ्यात जातो. आता चहाला आणि दुधाला जशी वेगवेगळ्या वेळी उकळी येते, तसं इथेही. नायट्रोजनला आधी उकळी फुटते, उणे एकशे शहाण्णव अंशांना, आणि तो वर निघून जातो. ऑक्सिजन जरा दमाचा, तो उणे एकशे त्र्याऐंशीपर्यंत तळाशी बसून राहतो. तळाचा तो काढून घ्यायचा, पुन्हा त्याचा वायू करायचा आणि सिलिंडरमध्ये भरायचा. मामांनी माझ्या पोटावर हात ठेवून दाखवलं, भरताना सिलिंडर कोमट होतो. जो गार राहिला तो भरतच नाहीये असं समजायचं.

शेवटी मामा छाती फुगवून म्हणाले, की असा आम्ही ऑक्सिजन बनवतो. इतका वेळ गप्प असलेल्या बाईंना नेमकी फट सापडली.

"बनवता कुठे? हवेत आधीच असतो, तो तुम्ही नुसता गाळता," त्या म्हणाल्या. "बनवतात ती झाडं आणि समुद्रातलं शेवाळ. तुमचा कारखाना म्हणजे मोठी चाळणी."

 पुढच्या आठवड्यात बाई एकट्याच परत आल्या, न्हाऊन, केस मोकळे सोडून, राहिलेल्या शंका विचारायला. मामांनी त्यांना काचेच्या जाड भांड्यात द्रवरूप ऑक्सिजन दाखवला. मित्रांनो, तो निळा असतो. फिका निळा, सकाळच्या आभाळासारखा, आणि त्यातून पांढरी वाफ उतरत असते. बाई बघतच राहिल्या. नंतर आणखी शंका निघाल्या, मग आणखी, आणि शंका काही संपेनात म्हणून दोघांनी लग्न करून टाकलं.

भांडण मात्र लग्नानंतरही चालूच राहिलं. मामा म्हणायचे आम्ही बनवतो, बाई म्हणायच्या तुम्ही गाळता. मामांचं म्हणणं असं, की झाड दिवसभरात देतं तेवढा ऑक्सिजन दवाखान्यात एका खाटेला पुरत नाही. बाईंचं म्हणणं असं, की झाडं आणि समुद्र नसते तर तुमची चाळणी रिकामीच फिरली असती. मामा हे सगळं दुसऱ्या दिवशी आम्हा सिलिंडरांना भरता भरता ऐकवायचे आणि स्वतःशीच हसायचे.

माझं तर बरं चाललं होतं. भरून दवाखान्यात जायचं, रिकामा होऊन परत यायचं. रिकामा म्हणजे अगदी ठणठणीत रिकामा नव्हे. थोडासा वायू पोटात ठेवून झडप बंद करायची असते, नाहीतर ओली हवा आत शिरते आणि गंज धरतो. चांगल्या परिचारिका हे पाळतात. दवाखान्यात मी काय काय पाहिलं! निळसर पडलेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाशी माझी नळी धरली आणि त्याच्या ओठांवर गुलाबी रंग आला, तो मी पाहिलाय. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर सगळीकडे बघत, पण मधूनच माझ्या दाबाच्या काट्याकडे नजर टाकायला विसरत नसत. ज्यांना मी श्वास दिला त्यातल्या बहुतेकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच आहे. दम लागलेला माणूस सिलिंडरचे आभार मानत बसत नाही.

पुढे दवाखान्याच्या आवारात ऑक्सिजनची एक भलीमोठी टाकी आली, भिंतींतून नळ्या आल्या आणि आमचे दिवस फिरले. मला एका कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलं. कुणी माझ्या मानेवर कोट अडकवायचं, कुणी छत्री. एकदा तर सफाईवाल्या मावशींनी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवलं. अहो, ज्याने माणसांना श्वास दिला त्याने दार अडवायचं! पण सांगायचं कुणाला? 

तेवढ्यात मामा आजारी पडले. तोवर ते निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांची फुप्फुसं हळूहळू थकत गेली. चार पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरांनी घरी एक यंत्र ठेवायला सांगितलं. ते चाकांचं गुरगुरणारं खोकं खोलीतली हवा ओढून घेतं. त्याच्या पोटात बारीक मणी असतात, ते नायट्रोजनला धरून ठेवतात आणि ऑक्सिजनला पुढे सोडतात. म्हणजे तीही एक चाळणीच, पण घरगुती. फक्त त्याला वीज लागते. वीज गेली तर काय, म्हणून जोडीला एक भरलेला सिलिंडर हवा होता. कारखान्यातल्या लोकांनी मामांसाठी मुद्दाम मला शोधून काढलं, तपासलं, भरलं आणि त्यांच्या पलंगाशी आणून उभं केलं. मामांनी पडल्या पडल्या माझ्या खांद्यावरचे आकडे वाचले.

"बाई, आपला गाणारा आलाय," ते म्हणाले.

मला काय वाटलं ते कसं सांगू? सगळ्या जन्माचं सार्थक झालं म्हणतात ना, तसं झालं.

त्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर बाईंची एक काचेची बरणी असायची. पाण्यात एक हिरवी पाणवेल, तिच्यावर उपडं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली उलटी काचनळी. ऊन पडलं की पानांवर बारीक बुडबुडे धरायचे आणि एकेक करून वर चढायचे. तोच तो प्राणवायू. बाई तो दर वर्षी शाळेत दाखवायच्या, आणि वर्गात नेण्याआधी वेल चांगली आहे ना ते घरी बघून घ्यायच्या. बुडबुडे मोजके, पण मामा त्यांच्याकडे तासन् तास बघत पडायचे आणि बाईंना चिडवायचे, की तुमच्या कारखान्यात उत्पादन फारच कमी आहे हो.

आता जावयाबद्दल सांगतो. मामांचा जावई शिलाई मशीन दुरुस्त करतो. माणूस सोन्यासारखा. त्याच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक, जे अडतं त्याला तेल द्यायचं. त्याने मामांच्या घरातल्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं होतं, पंख्याला दिलं होतं, बाईंच्या चष्म्याच्या दांडीलासुद्धा दिलं होतं. शर्टाच्या खिशात तेलाची लांब चोचीची कुपी पेनासारखी खोचलेली असायची. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी तो मामांना भेटायला आला. मामांचा डोळा लागला होता, बाई स्वयंपाकघरात होत्या. त्याने माझ्या झडपेचा पाना सहज फिरवून पाहिला. जरा जड लागला. उद्या अडीअडचणीला सासूबाईंना तो फिरला नाही तर, असा विचार त्याच्या मनात आला असणार. त्याने कुपी काढली आणि प्रेमाने, अगदी प्रेमाने, माझ्या झडपेच्या दांडीवर आणि तोंडाशी तेलाचे थेंब सोडले.

मित्रांनो, मला तोंड असून बोलता येत नाही याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी वीज गेली. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, तो आवाज खोलीपर्यंत आला. खोक्याची गुरगुर थांबली आणि ते केविलवाणं पी-पी करायला लागलं. मामा जागे झाले, उठून बसले आणि त्यांची धाप वाढू लागली. बाई धावत आल्या, जावई मागोमाग आला. त्याने नळी हातात धरली आणि बाई मला उघडायला पुढे झाल्या.

पण उघडण्याआधी त्यांनी काय केलं असेल? मोरीत जाऊन हात धुतले. मामांचे ओठ निळे पडत असताना त्यांनी साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि मामांच्या उशाखालून पांढरा रुमाल काढला. इतकी वर्षं या माणसासोबत राहिल्यावर ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी रुमालाने माझं तोंड पुसलं. रुमालावर पिवळट डाग उमटला. बाईंनी रुमाल नाकाशी नेला.

"याला तेल कुणी घातलं?"

"मी," जावई म्हणाला. "पाना जड फिरत होता, आई. दोनच थेंब घातलेत."

बाईंचा हात माझ्यापासून असा मागे आला, जसा तव्यावरून येतो. जावयाला काही कळेना. तो म्हणाला पुसून टाकतो, आधी उघडा, बघा तरी त्यांच्याकडे. बाईंनी पाहिलं. मामांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी हात वर केला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे हलवला. नाही. उघडायचा नाही. त्या छोट्या खोलीत तिघं होती, आणि मामांनी आपला श्वास बाजूला ठेवून बाकीच्या दोघांचा जीव राखला.

बाईंनी कारखान्यात फोन लावला. गाडीवाला भरलेले सिलिंडर घेऊन फेरीवरच होता, तो वळला. तो येईपर्यंतचा वेळ मात्र काढायचा होता. जावई जिने उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिला, गाडी दिसताच सिलिंडर उचलायला. बाईंनी खिडक्या सताड उघडल्या, मामांच्या मांडीवर उशी ठेवून त्यांना पुढे वाकून बसवलं, आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू, बरणीकडे बघा. नाकाने घ्या. बुडबुडा पानावरून सुटला की ओठ आवळून हळूच सोडा, तो वर पोचेपर्यंत. घाई करायची नाही."

खिडकीत ऊन होतं. पानावर बुडबुडा धरला, फुगला, सुटला. मामांनी श्वास सोडला. दुसरा सुटला, त्यांनी पुन्हा सोडला. त्या बरणीतल्या प्राणवायूने मामांचं काही भागणार नव्हतं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण घाबरून छाती जी भराभर उडत होती, ती त्या बुडबुड्यांच्या तालावर जरा संथ झाली. आणि मी? मी पलंगाशी उभा, पोट ऑक्सिजनने गच्च भरलेलं, आणि माझ्या माणसाला एक घोट देता येत नव्हता. बुडबुड्यांचा मी जन्मभर हेवा केला नव्हता, त्या दिवशी केला.

मग खालून आवाज आला, ठक्क. भरलेल्या सिलिंडरचा आवाज रिकाम्यासारखा रेंगाळत नाही, आखूड येतो. गाडीवाला मामांच्याच हाताखाली तयार झालेला, गाडीतून काढताना त्याने सवयीने सिलिंडरवर पेर मारलं होतं. मामांनी तो ऐकला. ओठ निळे, डोळ्यांत पाणी, आणि तरी तो माणूस हसला. भरलेला आहे, अशी मान हलवली. गाडीवाला आणि जावई सिलिंडर घेऊन धापा टाकत वर आले. गाडीवाल्याने हात धुतले, तोंड पुसलं, झडप हळूच उघडली. थोड्या वेळाने मामांच्या ओठांवर रंग आला. गुलाबी, तान्ह्या बाळाच्या आला होता तसाच.

जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. दम जागेवर आल्यावर मामांनी त्याला जवळ बोलावलं.

"जावईबापू, तुमच्या मशीनला तेल म्हणजे औषध, आमच्या सिलिंडरला विष. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण हे तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, ते राहिलं."

जावयाने खिशातली कुपी काढून बाहेर चपलांच्या शेजारी ठेवली. त्या दिवसापासून तो मामांच्या घरी आला की कुपी दाराबाहेरच थांबते.

मी कारखान्यात परत गेलो. झडप काढून टाकली, मला आतून-बाहेरून धुतलं आणि जन्माच्या वेळी झाली होती तशी पाण्याच्या दाबाची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी मी टिकलो नाही. वय झालं होतं, अंग पातळ झालं होतं. ज्याचं अंग दाबाने फुगतं आणि पुन्हा आत येत नाही त्याला पुन्हा भरत नाहीत, आणि कुणी भूल पडून भरू नये म्हणून त्याला कापतात. मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की कापाच, पण मान आणि खांदे मला द्या, त्याचा आवाज चांगला आहे. असा मी बाईंच्या शाळेत, इथे आलो.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मामांना पाहिलं. बाईंनी वर्गात बरणीचा प्रयोग मांडला होता आणि मामा नाकाला नळी लावून, छोटा सिलिंडर चाकांच्या गाडीवर घेऊन, जावयाच्या हाताला धरून आले होते. मामांना त्यांच्या सिलिंडरसकट लांब दाराशी बसवलं, मग काचनळीत जमलेल्या वायूत बाईंनी विझत आलेली काडी धरली आणि ती भक्कन पेटली, तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडलात! मग तुमच्यापैकी एका मुलीने मामांनाच विचारलं, की प्राणवायू खरा कोण बनवतं, झाडं का कारखाना?

मी श्वास रोखला. म्हणजे असता तर रोखला असता.

मामांनी बरणीकडे बोट केलं. "ती बनवते, आणि समुद्र बनवतो. आम्ही गाळतो," ते म्हणाले. "बाई पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या."

बाईंनी मामांकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि मुलांना म्हणाल्या, "लिहून घ्या. झाडांनी आणि समुद्राने दिलेलं सगळ्यांसाठी असतं. पण ज्याला त्या घडीला दम लागलाय, त्याच्यापर्यंत ते पोचवणाऱ्यालाही बनवणाऱ्याइतकाच मान द्यायचा."

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगितली. मामा व्हरांड्यात आले. माझ्यासमोर थांबले. आता वाजवणार असं मला वाटलं, पण त्यांनी जावयाला काहीतरी सांगितलं. जावई गेला, साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. मामांनी हात पुढे केले, जावयाने पाणी घातलं. मामांनी कोपरापर्यंत हात धुतले, पांढऱ्या रुमालाने कोरडे केले. त्यांच्यानंतर जावयानेही धुतले. तुमच्यातला एक जण हसला आणि म्हणाला, आजोबा, ही तर घंटा आहे, यात आता काहीच नाही.

"नाही ना," मामा म्हणाले. "पण याला ते कळू द्यायचं नाही."

त्यांनी बोटाचं पेर माझ्या खांद्यावर मारलं. ठण्ण. आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि मामा तो पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. झाडाचं पान उगाच तोडू नका, कुंडीत पाणी घाला, समुद्र जवळ असेल तर त्यात कचरा टाकू नका. दवाखान्यात कोपऱ्यात सिलिंडर दिसला तर त्याच्या मानेवर कोट अडकवू नका. आणि डबा खाऊन आलात तर आधी हात धुवा आणि मग मला वाजवा. मी कसा वाजेन ते मग बघा.